हितचिंतकाचा राजीनामा

आमच्या यज्ञेश्वर भाऊजींना पडता येतं. हे मी गेल्या सहा वर्षांत इतक्या जणांना समजावून सांगितलं आहे की आज वहीत नीट लिहूनच ठेवते. पुढे कुणी विचारलं तर पान उघडून पुढ्यात ठेवीन.

पडता तर सगळ्यांनाच येतं, असं लोक हसून म्हणतात. येत नाही. आपण पडतो तेव्हा आपला तोल गेलेला असतो. भाऊजी तोल सांभाळून पडतात. सिनेमातला नट जिना चढून गच्चीच्या कठड्यापर्यंत जातो. तिथे कॅमेरा थांबतो, नटाचे कपडे भाऊजींच्या अंगावर येतात आणि कठड्यावरून खाली येतात ते भाऊजी. खाली पोचल्यावर पुन्हा नट उठून कपडे झटकतो. मधला जेवढा भाग जिवावरचा, तेवढा आमच्या घरातला.

एरवी भाऊजी इथल्याच एका पोलीस ठाण्यात आरक्षक, म्हणजे शिपाई आहेत. त्याआधी सतरा वर्षं फौजेत होते. माझ्या यजमानांचे, दिलीपरावांचे, ते धाकटे भाऊ. वय बेचाळीस. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या घरात खाली आम्ही राहतो, वर ते एकटे. लग्न केलं नाही. खरं म्हणजे झालं नाही. मुलीकडचे फौजेची पेन्शन आणि पोलिसाची नोकरी ऐकून यायचे, पोहे खायचे आणि उड्यांचं ऐकून उठायचे.

आमचं आडनाव चिटणीस. शिंदे सरकारच्या दफ्तरात लिहायला म्हणून यांचे पूर्वज इकडे आले, तेव्हापासून या घराने लेखणी खाली ठेवली नाही. नळाला पाणी आलं नाही, अर्ज. गल्लीतला दिवा गेला, अर्ज. माझ्या लग्नाची बोलणी करायला मिरजेला जे पत्र आलं, त्यातसुद्धा वर ‘विषय’ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. माझे वडील म्हणाले होते, मुलगी मागतायत की रजा, कळत नाही. अशा घरात भाऊजी जन्मले. लहानपणी शाळा सुटली की राम घाटावर जायचे आणि तिथल्या दगडी छत्रीवरून क्षिप्रेत उडी. सासऱ्यांनी दोनदा मारलं आणि तिसऱ्यांदा घाटावरच्या चौकीत अर्ज दिला, की माझ्या मुलास पाण्यात उड्या मारू देऊ नयेत ही नम्र विनंती. चौकीतल्या पोलिसाने तो अर्ज भाऊजींनाच वाचायला दिला, कारण त्याला चष्मा नव्हता. वाचून झाल्यावर भाऊजींनी पुन्हा उडी मारली.

अठरा पूर्ण झाल्यावर ते महूला जाऊन फौजेत भरती झाले. चिटणिसांच्या घरातला बंदूक धरणारा पहिला पुरुष. मोटरसायकलवरून निरोप पोचवायचं काम मिळालं, मग मोटरसायकलच्या कसरतींच्या पथकात गेले. सहा जण एका गाडीवर, आगीच्या कड्यातून गाडी, असलं सगळं. एकदा राजस्थानात त्यांच्या छावणीजवळ शूटिंग होतं. धावत्या ट्रकवरून पडायला माणूस मिळेना. साहेबांनी परवानगी दिली आणि भाऊजी पडले. तिथले फाइट मास्टर हनीफभाई त्यांना म्हणाले, “सब गिरते हैं डर के. ये लड़का गिरता है सोच के.” हे वाक्य भाऊजींनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की हनीफभाई मी न बघताही ओळखीन. पुढे दर सुट्टीत ते घरी येण्याआधी आठ दिवस त्यांच्याकडे राहून शिकले. मान कुठे, हनुवटी कुठे, श्वास कधी सोडायचा. पाठीवर सपाट पडायचं, हातापायांवर कधीच नाही. आणि पडल्यावर हलायचं नाही. “कट” ऐकू येईपर्यंत मेलेलंच राहायचं.

फौजेतून सुटल्यावर माजी सैनिक म्हणून पोलिसात लागले. इथेही लपवाछपवी नाही. स्वतःची रजा, आधी लेखी सूचना, परवानगीचा कागद, मग शूटिंग. नियमात म्हणे कधीमधी कलेचं काम करायला वाव आहे. ठाण्यात याआधीच्या एका मुन्शीने, म्हणजे लिखापढी बघणाऱ्या हवालदाराने, विचारलं होतं, “गिरना कौन-सी कला है?” भाऊजी म्हणाले, “आप गिरके दिखाइए, फिर बताता हूँ.” त्या दिवसापासून पोलीस लाइनीत नव्या पोरांना पडायला शिकवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. मागच्या श्रावणात घाटाच्या ओल्या पायरीवर एक म्हातारी घसरली, तर भाऊजी तिच्यासकट पडले. ती वर, हे खाली. म्हातारीच्या हातातला गडूसुद्धा सांडला नाही.

पडायला खाली लागतात पुठ्ठ्याचे मोठे खोके, रिकामे, एकावर एक रचलेले. ते आपल्या वजनाने हळूहळू दबतात आणि माणसाला धरतात. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं होतं, खाली काय असतं? ते म्हणाले, “वहिनी, खाली खोके असतात.” मला वाटलं जमिनीवर खोके असतात. त्यांना म्हणायचं होतं हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामे खोके. चोवीस वर्षं इथे राहून माझं खाली अजून मिरजेचं आणि त्यांचं उज्जैनचं. त्या वेळी दोन्ही खरं असल्याने काही बिघडलं नाही.

हे खोके गोपाल मंदिरामागच्या अगरबत्तीच्या ठोक दुकानातून येतात. त्यामुळे भाऊजी पडून घरी आले की अंगाला चंदन आणि मोगऱ्याचा वास असतो. मी म्हणते, तुम्ही देवघरातून आल्यासारखे येता. मी रोज हरसिद्धीपुढे हात जोडते तेव्हा त्यांचं पडणं थांबव असं मागत नाही. खाली काहीतरी असू दे, एवढंच मागते. नवसही बोलले नाही. देवीशी घासाघीस कशाला करायची?

गेल्या वर्षी महेश्वरच्या शूटिंगला मात्र एक खोका रिकामा नव्हता. धूपकांड्यांची पाकिटं तशीच आत राहिली होती. दोन बरगड्या मोडल्या. दवाखान्यातल्या कागदावर यजमानांनी सही केली, तेव्हापासून ते भाऊजींशी उड्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं त्यांनी मान्य केलं. चोवीस वर्षांच्या संसारानंतरही मला त्यांची गप्प बसायची जात ओळखता आली नाही.

आता या मार्गशीर्षातली गोष्ट.

शनिवारी भाऊजींना ठाण्यात नोटीस मिळाली. कुणीतरी आवेदन दिलं होतं. इकडे तक्रारीच्या अर्जाला आवेदनच म्हणतात. त्यात होतं की हा आरक्षक जीव धोक्यात घालणारी कामं करतो, खात्याने त्याला कायमचं रोखावं. पुढच्या रविवारी राम घाटासमोरच्या तीरावर मोठं शूटिंग होतं, त्याची मिळालेली परवानगी तिथल्या तिथे अडकली. सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कारवाई. भाऊजींनी घरी येऊन एवढंच सांगितलं, जेवले आणि वर गेले. आवेदन कुणाचं, विचारलं तर म्हणाले, “निनावी आहे.” यजमान त्या दिवशी आमटीत आमसूल जास्त झालं म्हणाले. नव्हतं झालं.

मंगळवारी मी अथर्वशीर्षाचं अकरावं आवर्तन करत होते, तेव्हा फाटक वाजलं. भाऊजींच्याच ठाण्यातला कमलसिंह होता. पायऱ्यांवरच उभा राहून म्हणाला, “भाभीजी, यज्ञेश्वर भैया फोन नहीं उठा रहे. टी.आई. मैडम ने कहलवाया है, परसों तक राजीनामा लिखकर दे दें. बात यहीं खतम हो जाएगी.”

टी.आई. म्हणजे ठाण्याची मुख्य. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. राजीनामा. सतरा वर्षं फौजेत आणि सहा वर्षं इथे, आणि कुण्या निनावी माणसाच्या चार ओळींवर राजीनामा. वर बात खतम. मी म्हटलं, “भैया, रुको. मैं ही आती हूँ.”

तो गडबडला. “आप? आप काहे को?”

“राजीनामा चाहिए ना? तो घर से ही कोई आएगा.”

देवापुढचा दिवा शांत झाला नव्हता, त्यात तेल घातलं. साडी बदलली नाही, सोवळ्यातलीच होती. रिक्षाने ठाण्यात गेले. चिटणिसांच्या घरातून आजवर ठाण्यात फक्त अर्ज गेलेले, बाई कधी गेली नव्हती.

टी.आई. मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. टेबलावर दोन फोन आणि तुळशीचं छोटं रोप. उठून खुर्ची दिली. मी बसले नाही.

“मैडम, राजीनामा नहीं मिलेगा.”

त्यांनी पेन ठेवलं. “क्यों नहीं मिलेगा?”

“उन्होंने गलत क्या किया? चोरी की? दारू पी के ड्यूटी पे आए? हर बार आपसे लिखकर पूछा, तब गए. जिसने बिना नाम के कागज डाला, उससे लो राजीनामा.”

“उससे भी तो ले रही हूँ,” मॅडम म्हणाल्या. “दोनों से लूँगी. अकेले एक का राजीनामा कैसे होगा?”

आता मी बसले. निनावी माणूस कुठे नोकरीला आहे आणि मॅडम त्याचा राजीनामा कसा घेणार, मला समजेना. मी तसं विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या कमलसिंहाकडे.

“आंटीजी, आप राजीनामा किसको समझ रही हैं?”

“नौकरी छोड़ने का कागज.”

“वो तो इस्तीफा हुआ. राजीनामा मतलब दोनों पक्ष राजी हो गए. सुलह. हमारे यहाँ दिन में चार होते हैं.”

कमलसिंह भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. मला लाज वाटली, नाही असं नाही. भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी, कॉलनीच्या भजनमंडळात माझी हिंदी चोवीस वर्षं बिनबोभाट चालली आहे. पण राजीनामा या शब्दाची मला गरजच कधी पडली नव्हती. घर सांभाळणाऱ्या बाईला कोण राजीनामा मागतो आणि तिने दिला तरी घेणार कोण?

“सुलह किससे करनी है?” मी विचारलं. “नाम तो है नहीं.”

मॅडमनी फाईल उघडून कागद माझ्यापुढे सरकवला. “नियम से मुझे दिखाना नहीं चाहिए. पर आप देख लो. नीचे लिखा है, एक हितचिंतक. इधर का आदमी शुभचिंतक लिखता है. और ये देखिए, तीन बार लिखा है, अपघात हो सकता है. हम लोग दुर्घटना लिखते हैं. यज्ञेश्वर ने आधा पन्ना पढ़ा और कागज उलटा रख दिया. मैं तभी समझ गई कि घर का है. फाड़ देती, लेकिन प्रतिलिपि तीन अफसरों को गई है.”

मला ते दोन शब्द वाचायची गरजच पडली नाही. वर ‘विषय’ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. पट्टीने मारलेल्या.

“और यज्ञेश्वर का जवाब?” मी विचारलं.

मॅडमनी दुसरा कागद वाचून दाखवला. एकच ओळ होती. मैं गिरना नहीं छोड़ूँगा, और आवेदक का नाम नहीं बताऊँगा.

“अब बताइए,” मॅडम म्हणाल्या, “इस पर मैं क्या करूँ? बहादुरी का काम करे, मुझे अच्छा लगता है. पर ऐसे जवाब पर तो ऊपर वाले सीधे कार्रवाई लिखेंगे. सामने वाला परसों तक खुद आकर नाम से लिख दे कि मैं राजी हूँ, तो मैं परमिशन जारी कर दूँ. नहीं तो नौकरी और गिरना, एक ही बचेगा.”

मी चहा घेतला आणि निघाले.

यजमान साडेसहाला बँकेतून आले. मी दिवा लावला होता. पाणी दिलं आणि विचारलं, “अहो, अपघाताला हिंदीत काय म्हणतात?”

“दुर्घटना,” ते बुटाची नाडी सोडत म्हणाले.

“मग अर्जात अपघात का लिहिलंत?”

नाडी तशीच बोटात राहिली. ते म्हणाले, “तुला कुणी दाखवला?”

“टी.आई. मॅडमनी.”

“तू ठाण्यात गेली होतीस?”

“गेले होते. चहाही प्याले.”

“चिटणिसांच्या घरातली बाई ठाण्यात.”

“चिटणिसांच्या घरातला पुरुष ठाण्यात बिननावाचे कागद टाकतो, मग बाईला जावंच लागतं.”

ते काही बोलणार तोच भाऊजी आले. हातात हेल्मेट. आमच्या दोघांची तोंडं बघून त्यांनी ते जिन्यावर ठेवलं.

“कळलं वाटतं,” ते म्हणाले.

“तुम्हाला शनिवारीच कळलं होतं,” मी म्हटलं.

“वहिनी, विषयाखाली दोन रेघा या शहरात दुसरं कोण मारतं? आणि दादा, हितचिंतकला हिंदीत शुभचिंतक म्हणतात.”

“हितचिंतक शुद्ध शब्द आहे,” यजमान म्हणाले. “संस्कृत आहे.”

“शुद्ध आहे, म्हणून तर पकडला गेलास.”

मला हसू येत होतं आणि रागही. यजमान पलंगावर बसले. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यांच्याबद्दल अन्याय व्हायला नको. “महेश्वरच्या दवाखान्यात त्या फॉर्मवर विचारलं होतं, काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण. तिथे मी माझं नाव लिहिलं. तेव्हा ठरवलं, पुन्हा असला फॉर्म भरायचा नाही. तू बाबांचं ऐकलं नाहीस, माझं ऐकत नाहीस. वाटलं, सरकारचं ऐकशील.”

“सरकारनेच शिकवलं पडायला, दादा.”

“नोकरी जाईल हे माझ्या डोक्यात नव्हतं. अर्जाने कुणाची नोकरी जात नाही. फाईल थांबते.”

“माझी चालू पडली.”

“मग लिही ना एका ओळीत, आता नाही पडणार म्हणून. कुणासाठी पडतोस? पडद्यावर दिसतो दुसराच. तुझा चेहरा आजवर कुणी बघितलाय?”

भाऊजी उभेच होते. आवाज चढवला नाही. “फौजेत कुणी बघितला? घाटावर बारा तास दोरी धरून उभा असतो, तिथे कोण बघतं? चेहऱ्यासाठी काही केलंच नाही मी. पण वर्दीत मी हुकमाने उभा राहतो आणि हुकमाने बसतो. वरून सुटलो की खाली पोचेपर्यंत सव्वा सेकंद लागतो. तेवढा सव्वा सेकंद मला कुणी हुकूम देत नाही. तो मी लिहून देणार नाही. तुला नाही, खात्याला नाही. नोकरी घेतली तर घेऊ देत.”

“आणि माझं नाव का नाही सांगितलंस?”

“तुला ठाण्यात बसवू? राजीनाम्यासाठी?”

“कसला राजीनामा?” यजमान दचकून उभे राहिले. “राजीनामा मागितला त्यांनी?”

म्हणजे मी एकटी अडाणी नव्हते. मी त्यांना अर्थ सांगितला, आणि सांगता सांगता मला वाटलं की या शब्दात तसा फार फरक नाहीच. एकजण म्हणतो नोकरी सोड, दुसरा म्हणतो राजी हो आणि पडणं सोड. राजी कुणी नसताना दोन्हीकडे नुसता नामाच, म्हणजे कागदच, हवा असतो. मी वही काढली. रोजची हीच. वर ‘श्री’ होतंच.

“राजीनामा मी लिहिते,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं सही करा.”

“आधी मसुदा दाखव,” यजमान म्हणाले. घराण्याचं रक्त.

त्यांचं पहिलं कलम, पंधरा फुटांच्या वरून पडणार नाही. भाऊजी म्हणाले, “मग स्टुलावरून पडतो, जमेल?” ते खोडलं. दुसरं, पन्नाशीनंतर नाही. भाऊजींनी मान हलवली. तेही खोडलं. यजमान म्हणाले, “मग मी कशाला राजी व्हायचं? मला यात मिळालं काय?”

तेव्हा मी विचारलं, “महेश्वरला काय चुकलं होतं?”

“खोका भरलेला होता.”

“कुणी तपासला नव्हता ना?”

“नाही.”

“तुम्ही बत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासताय. एक काना चुकला तर माणसाला परत पाठवता. मग लिहिते, अर्जदार प्रत्येक वेळी स्वतः हजर राहून खोके तपासील. अर्जदाराने पास केल्याशिवाय यज्ञेश्वर पडणार नाही. आणि अर्जदाराने पास केल्यावर त्यास कुणी रोखणार नाही.”

“मी? तिथे उन्हात उभा राहून खोके तपासू?”

“फॉर्म भरायचा नाही म्हणता ना? मग खोके तपासा.”

भाऊजींनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. यजमानांनी तीनदा वाचलं, ‘तपासील’च्या जागी ‘तपासेल’ केलं, आणि मग केली.

गुरुवारी मार्गशीर्षातली महालक्ष्मीची पूजा होती. घट मांडायच्या आधी यजमान इस्त्रीचा शर्ट घालून, राजीनाम्याची हिंदीत उतरवलेली प्रत घेऊन ठाण्यात गेले. मी सोबत येऊ का विचारलं तर म्हणाले, “नको. अर्ज माझा आहे.” परतल्यावर एवढंच बोलले, “मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, हितचिंतक आप हैं? मी हो म्हटलं.” मग हातपाय धुऊन पूजेला बसले. संध्याकाळी परवानगी सुटल्याचा फोन आला. कॉलनीत तोवर पोचलंच होतं की चिटणीसबाई नवऱ्याला ठाण्यात पाठवून आली. शेजारच्या काकू फाटकाशी म्हणाल्या, “दो-दो सरकारी नौकरी कर ली, अब तो भगवान का नाम लेके शांति से बैठे आदमी.” मी म्हटलं, “भगवान का नाम मैं लेती हूँ ना उनके हिस्से का. वो गिरेंगे.”

रविवारी सकाळी आम्ही तिघं नदीपलीकडे गेलो. समोर राम घाटावर स्नानं चालली होती. शूटिंगवाल्यांनी लाकडी सज्जा उभारला होता, पंचवीस फुटी. खाली अगरबत्तीचे खोके रचलेले. यजमानांनी चष्मा लावला, खिशातून पेन्सिल काढली आणि रचलेले सगळे खोके उतरवायला लावले. एकेक उघडून आत हात घालून बघितला, बूड दाबलं, पास झाला की कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण. सात खोक्यांचं बूड दवाने ओलं होतं. ते बाजूला काढले आणि दुसरे आणायला सांगितले. तासभर काम थांबलं.

फाइट मास्टर वैतागला. हनीफभाईंचाच शिष्य म्हणे. “यज्ञा भाई, ये अंकल कौन हैं?”

“मेरे हितचिंतक हैं.”

यजमानांनी चष्म्यावरून बघितलं. “शुभचिंतक,” ते म्हणाले, आणि पुढचा खोका उघडला.

मी आजवर भाऊजींना पडताना बघितलं नव्हतं. दर वेळी देवघरात बसून राहायचे. त्या दिवशी मी ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत, जपसुद्धा उघड्या डोळ्यांनी. भाऊजी सज्ज्यावर आले. नटाचा पांढरा सदरा अंगात. खाली बघितलंच नाही, सरळ समोरच्या राम घाटाकडे बघितलं. मग पाठमोरे झाले आणि सुटले. हात पसरलेले, सदरा फुगलेला. मी नाव पुरतं घेईपर्यंत खोक्यांचा मोठा आवाज झाला आणि चंदनाचा वास उठला.

नंतर काही नाही. भाऊजी हलले नाहीत. सगळे गप्प, कॅमेरा चालू. मला माहीत होतं. यजमानांना माहीत नव्हतं, कारण दोन भाऊ याबद्दल कधी बोललेच नव्हते. ते चप्पल तिथेच टाकून धावले, खोक्यांत शिरले आणि ओरडले, “यज्ञू, लागलं का रे?”

मागून “कट” आला, बराच रागात.

खोक्यांतून भाऊजींचा आवाज आला, डोळे मिटलेलेच. “दादा, कट झालं का?”

“झालं.”

“मग बोलतो. लागलं काही नाही. पण तू मध्ये आलास. आता परत पडावं लागेल.”

फाइट मास्टर डोक्याला हात लावून उभा होता. मला वाटलं यजमान आता म्हणतील, झालं तेवढं पुरे, घरी चला. ते खोक्यांत गुडघ्यापर्यंत उभे होते. त्यांनी एक दबलेला खोका उचलला, उलटासुलटा बघितला.

“हे परत चालायचे नाहीत,” ते म्हणाले. “दुसरे आणा. मी लावतो.”

त्यांनी लावले. प्रत्येकावर खूण केली. मग कडेला माझ्याजवळ येऊन उभे राहिले, पेन्सिल मुठीत. भाऊजी वर गेले. घाटावरून कुणी शंख वाजवला. ते पुन्हा पाठमोरे झाले, पुन्हा सुटले, पुन्हा तो आवाज आणि तो वास.

या वेळी दोघेही भाऊ हलले नाहीत. कट होईपर्यंत.